बिनकामाचं चालणं

सोमवार, रात्र

भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, मोसमातली शेवटची मोठी खेप आज आली. सकाळी सातला ती फोडायला आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसले ती दुपारी दीडला उठले, तेही भिंतीचा आधार घेऊन. मदतीला येणाऱ्या दोघींचीही तीच गत. एकीने कमरेवर हात ठेवून डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. मी दर तासाला सगळ्यांनी उठायचं असं ठरवलं होतं. खेप मोठी दिसली की ठरवलेलं सगळं विसरायला होतं. उद्यापासून मोबाइलवर गजर लावणार.

रात्री अंगणात बसून टाचांना भिरंडेल लावत होते. आम्ही वाळवलेल्या सालींची सोलं विकतो, खारवलेल्या रसाचं आगळ विकतो, बियांचं हे तेलही विकतो. नऊ वर्षं झाली धंद्याला. त्यातली पहिली आठ वर्षं मी स्वतःला खूप सुदृढ बाई समजत होते. दिवसाला शंभर वेळा गच्चीचा जिना चढते, मला काय धाड भरली आहे?

डिसेंबरात गावातल्या आरोग्य शिबिरात सहज म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईचं निदान १२ तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "व्यायाम काय करता?" मी म्हटलं, "डॉक्टर, मी दिवसभर बसतच नाही." त्या म्हणाल्या, "ते काम झालं. मी व्यायाम विचारला."

त्या एका वाक्याचा मला राग आला होता. चार दिवस टिकला. मग एका दुपारी मी स्वतःकडे नीट पाहिलं. आदोळीवर सहा तास बसले म्हणजे सहा तास एकाच बाजूला वाकले. तेच मनगट, तेच खांदे. श्वास एकदाही वाढला नाही. पायांवर भार आला नाही, फक्त ते आखडले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं श्वास वाढेल अशी हालचाल सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काहीतरी. माझ्या आठवड्यात दमणूक भरपूर होती. हे दोन्ही नव्हतं.

बुधवार, सकाळी आठ

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या फर्मागुढीच्या टेकडीवरून आत्ताच चालून आले. घाम वाळायच्या आत लिहून काढते.

आम्ही तिघी असतो. साडेपाचला तळाशी भेटायचं, चढ चढून गोपाळ गणपतीला हात जोडायचे, पुढे पठारावर चालायचं आणि उजाडलं की उतरायचं. चढ चढताना कोणी बोलत नाही. बोलता आलं तर आपण हळू चालतोय, असा आमचा हिशेब आहे.

एक म्हार्दोळची. जायांच्या, म्हणजे जाईच्या, कळ्या काढून, गुंफून विकते. वय अठ्ठावन्न. नवरा गेला तेव्हा मुलं शाळेत होती. जायो फुलायच्या आधी, कळी असतानाच काढाव्या लागतात आणि लगेच गुंफाव्या लागतात, म्हणजे रोज संध्याकाळी दोन-तीन तास मान खाली. मानेचं दुखणं सुरू झालं तेव्हा ती पाटावरून उठली आणि चौरंग समोर उंच ठेवून खुर्चीवर बसून गुंफायला लागली. शेजारणींनी नावं ठेवली, देवाची फुलं खुर्चीवर बसून गुंफतात का म्हणून. तिने सांगितलं, "देवाला माझी मान मोडलेली नको आहे." पंधरा वर्षं ती त्याच खुर्चीवर बसते आणि पंधरा वर्षं पहाटे चालते.

तिच्याकडून मी आणखी एक गोष्ट शिकले. ती सकाळी नाचण्याची तिझन करते, नारळाचा रस आणि गूळ घालून, आणि आधी स्वतः वाटीभर खाते. मग घरच्यांना वाढते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंतरी झालं. माझ्या माहेरी, सासरी, ओळखीतल्या कुठल्याच घरात बाईने आधी खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. नाचण्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. हे मी नंतर वाचलं. तिला आकडा माहीत नाही. तिला एवढं माहीत आहे की शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात तळाचं येतं.

दुसरी एकोणचाळीस वर्षांची, डबे देते. इथल्या इंजिनियरिंग कॉलेजच्या सहा मुलांपासून सुरुवात केली, आता पंचेचाळीस डबे जातात. तिची मोठी मुलगी दहावीला, धाकटा तिसरीत. गेल्या वर्षी तिने रविवारचे डबे बंद केले. चार गिऱ्हाइकं तुटली. तिने जाऊ दिली. मंगळवारी आणि शनिवारी ती तेलाचे रिकामे पाच-पाच लिटरचे कॅन पाण्याने भरते आणि दोन्ही हातांत घेऊन खुर्चीवरून उठते, बसते, उठते. मुलगा मोजतो. जिमला जायला वेळही नाही आणि पैसेही नाहीत, पण मोठी पातेली उतरवताना पाठ धरते म्हणून एका फिजिओथेरपिस्टकडून तिने हे विचारून घेतलं. ते करायला लागल्यापासून पातेलं जड वाटत नाही म्हणते.

बायकांच्या यशाच्या गोष्टी छापून येतात तेव्हा त्यात कौतुक कशाचं असतं? पहाटे चारला उठते, रात्री बाराला निजते, मुलं, घर, धंदा सगळं एकटी सांभाळते. मला ते वाचून हल्ली भीती वाटते. चार ते बारा म्हणजे झोप चार तास. असं दहा वर्षं केल्यावर त्या बाईचं काय झालं, ते कोणी छापत नाही.

मला माहीत आहे काय होतं. मी घरात पाहिलं आहे.

बुधवार, पुन्हा रात्री

सकाळी जिथे थांबले तिथून पुढे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

माझी आई प्रियोळची. कुळागर म्हणजे माडा-पोफळींची बाग, दोन गाई, सासू-सासरे, आम्ही चार भावंडं. पाटाचं पाणी माडा-पोफळींना फिरवणं तिच्याकडे, पडलेले नारळ गोळा करून चढावरून घरी आणणं तिच्याकडे. सुपाऱ्या सोलून तिने स्वतःचे वेगळे पैसे उभे केले, त्यातून माझ्या कॉलेजची फी गेली. उद्योजिका हा शब्द तिने ऐकलाही नसेल. येणारा-जाणारा म्हणायचा, "तुझ्या आईला बसलेली कधी पाहिली नाही." आम्हाला त्याचा अभिमान होता. आम्ही भावंडं ते वाक्य लोकांना सांगायचो.

सदुसष्टाव्या वर्षी खळ्यात शेवाळावर पाय घसरला. उंचीवरून पडली नाही, उभ्याची खाली बसली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं आतून पोकळ झाली आहेत. मला पटेना. आयुष्यभर ओझं उचललेल्या बाईची हाडं पोकळ कशी? त्यांनी समजावलं. ओझ्याने हाडाला घट्ट व्हायची सूचना मिळते, पण घट्ट व्हायला लागणारा माल पोटातून यावा लागतो. चार बाळंतपणं, चार जणांचं दूध, आणि तिच्या वाट्याला सकाळी दहाची पेज, लोणच्याची फोड, रात्री उरलंसुरलं. पाळी गेल्यावर बाईचं हाड झपाट्याने झिजतं. तोवर ज्याची गंगाजळी भरलेली असते ते टिकतं. आईची भरलेलीच नव्हती.

मी ते ऐकून दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. आम्ही ज्याचा अभिमान धरला, त्यानेच तिला मोडलं होतं. आणि मी स्वतः हुबेहूब तीच बाई होत चालले होते, फक्त सुपारीऐवजी सोलं घेऊन.

शुक्रवार

म्हापशाला गेले होते. पावसाच्या तोंडावर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या खरेदीची, गर्दी. सुकी मासळी, कांद्यांच्या माळा, चिंच, उकडे तांदूळ. मसाल्यासाठी हरमलची मिरची घेतली. तिला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. विकणाऱ्या आजीला ते माहीत होतं आणि तिने ते मला दोनदा सांगितलं. सत्तरीची असेल. पोत्यावर बसलेली, पण मधूनच मिरच्या शेजारणीच्या हवाली करून बाजाराला एक चक्कर मारून येते. का, म्हणून विचारलं. "बसलें जाल्यार बसलें गो बाय," म्हणाली. एकदा बसले की बसलेच.

दोन्ही पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वजनाने धरून कदंबा बसपर्यंत चालत आणल्या. डिसेंबरात हे जमलं नसतं.

रक्त परत तपासलं होतं. ११.६. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, सोबत लिंबाचं पाणी, आणि जेवणावर लगेच चहा नाही. चहाने लोह अंगी लागत नाही हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. जेवून उठलं की चहा, हा माझा वीस वर्षांचा नेम होता. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. म्हणजे आदोळीवर माझ्यासोबत बसणाऱ्यांपैकी एकीला तरी असण्याची शक्यता मोठी. मदतीच्या दोघींना पुढच्या आठवड्यात तपासायला नेते आहे, पैसे धंद्यातून. आदोळीला धार लावायला आपण पैसे देतोच की.

रात्री लेबलं चिकटवताना मुलीशी बोलत होते. मी तिला लिज्जतची गोष्ट सांगितली, १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली ती. तिने मला मेरी कोमची सांगितली. २००७ला जुळे मुलगे झाले, २००८ला परत जगज्जेतेपद. मग म्हणाली, "आई, मुलं झाल्यावर ती परत सराव करायला गेली तेव्हा मुलांना कोणीतरी सांभाळलं असेल ना?" हो, नवऱ्याने सांभाळली. बारावीतल्या मुलीला हा प्रश्न पडला, याचा मला फार आनंद झाला.

रविवार

पहाटे सव्वापाचला आभाळ भरून आलं होतं. गच्चीवर तिसऱ्यांदा रसातून काढलेली सोलं पसरलेली. एरवी मी चालणं रद्द केलं असतं. नवरा दारात उभा होता, म्हणाला, "ताडपत्री मी घालतो, तू जा." त्याने पहिल्यांदाच सांगितलं असं नाही. मी पहिल्यांदाच गेले.

पठारावर असताना सर आली. उतरेपर्यंत तिघी चिंब. डबेवाली मध्येच थांबून तोंड वर करून उभी राहिली. जायोवाली म्हणाली, उद्या कळ्या जास्त येतील. आमच्याकडे कोणतंही सामान नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं. प्रौढ वयात मी अशी कधी चालले होते का, आठवलं नाही. दुकान, शाळा, देऊळ, दवाखाना, सगळं चालणं कशासाठी तरी होतं.

घरी दोन सुपं भिजली होती. सोलं पुन्हा रसात घालून वाळवावी लागतील, दोन दिवस वाढले. चालेल.

दुपारी आईला फोन केला. ती आता भावाकडे असते, काठी घेऊन चालते. भावजय तिला तिझन देते, आधी तिला. मी पावसात भिजल्याचं सांगितलं तर ओरडली. मग जरा वेळ थांबून म्हणाली, "आज पडवीत अकरा फेऱ्या झाल्या. काल नऊ झाल्या होत्या."