पत्राच्या प्रसंगात लाईट गेली

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका कॉलेजात मी बी.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवतो. त्या वर्षी 5 नोव्हेंबरला वर्गात 'व्ही फॉर व्हेंडेटा' लावला होता. 2006 साली आलेला सिनेमा. कथेतल्या इंग्लंडात हुकूमशाही आहे, रात्री संचारबंदी असते, लोकांच्या घरातलं बोलणं चोरून ऐकलं जातं, आणि मुखवटा घातलेला एकटा माणूस बंड पुकारतो. तो मुखवटा गाय फॉक्सचा. हा गाय फॉक्स 1605 साली याच सुमारास, मध्यरात्री, लंडनच्या पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूच्या पिंपांसह पकडला गेला होता.

चारच दिवसांपूर्वी 1 नोव्हेंबर होऊन गेला होता. आमच्याकडे त्या दिवशी एका रस्त्यावर कन्नड लोकांचा राज्योत्सव असतो आणि दुसऱ्यावर मराठी लोकांचा काळा दिवस. माझ्या वर्गात दोन्ही घरांतली पोरं बसतात. त्यामुळे सिनेमा लावताना मनात धाकधूक होती.

चाकूच्या मारामारीला शिट्ट्या पडल्या, तेवढं मी धरूनच चाललो होतो. खरा सिनेमा माझ्या मते पुढे आहे. कोठडीत डोकं भादरलेली नायिका इव्ही बसलेली असते. तिला भिंतीच्या भोकात एक पत्र सापडतं. शेजारच्या कोठडीतल्या बाईने शौचालयाच्या कागदावर लिहिलेलं. तिचा गुन्हा काय, तर एका बाईवर प्रेम केलं. सगळं हिरावून घेतलं तरी आपल्यातला एवढासा तुकडा कुणाला द्यायचा नाही, असं ती लिहिते. पत्र निम्म्यावर आलं आणि लाईट गेली.

वर्गात पूर्ण अंधार. पाच मिनिटं, दहा मिनिटं झाली. पोरं उठून जातील म्हणून मी बोलत राहिलो. हुकूमशहाचं काम करणाऱ्या जॉन हर्टनेच 1984 साली आलेल्या '1984' सिनेमात तशाच सत्तेखाली चिरडला जाणारा माणूस केला होता, हे सांगितलं. मुखवट्यामुळे आवाज दबायचा म्हणून ह्युगो वीव्हिंगला संवाद नंतर पुन्हा म्हणावे लागले, आणि चेहरा हलत नसताना त्याने नुसती मान कलती करून काम कसं निभावलं, तेही सांगितलं.

दाराशी आमचे शिपाईमामा उभे होते. ते म्हणाले, "सर, ते पत्र कसल्या कागदावर होतं म्हणालासा?"

मी सांगितलं.

"आमच्याकडं विडीबंडलाचा कागद होता."

1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मामा एकोणीस वर्षांचे होते. त्या जूनमध्ये गोळीबारात माणसं गेली, त्यांचं स्मारक बेळगावजवळ हिंडलग्याला आहे, 1 जूनला तिथे लोक जमतात. इतकं पोरांना ठाऊक होतं. मामा पंधरा दिवस आत होते, हे मलाही ठाऊक नव्हतं. "नवीन कोण आला त्याचं नाव आन् गाव लिहायचं, आन् पलीकडच्या बराकीत द्यायचं. एवढंच. खरं ती चिठ्ठी आली की जेवण जायचं बघा." पुढे ते बोलले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मी आधी बघितलाय. तिला कोंडणारा तोच असतोय, मुखवटेवाला. तिची भीती घालवायची म्हणून. हे बरोबर हाय?"

मला तिचं पटलं, आजही पटतं. कोठडी त्याने रचलेली असते, जेलरही तोच. चांगल्या हेतूने का होईना, त्याने सरकारचंच हत्यार उचललं. सिनेमा त्याला माफ करून पुढे जातो, मला ते जमत नाही. पण पत्र खोटं नसतं. ती बाई खरंच होऊन गेलेली असते, आणि तिचं पत्र त्यालाही त्याच्या कोठडीत असंच मिळालेलं असतं. अंधारात यावर पोरं तावातावाने भांडली. कन्नड, मराठी, जी तोंडात येईल ती भाषा.

चाळीसेक मिनिटांनी लाईट आली. थांबलं होतं तिथून लावायला गेलो, तर मामा म्हणाले, "पत्र सुरवातीपास्नं लावा की."

पहिल्या बाकावर एक कन्नड घरातला पोरगा बसला होता. त्याने सरकून जागा केली. मामा बसले. खालच्या इंग्रजी ओळी येतील तशा तो त्यांच्या कानाशी लागून मराठीत सांगत राहिला, आणि त्याला शब्द सापडेना तिथे मागून कुणीतरी सांगायचं.