तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रॉन घरी आहे की बाहेर?

दिवाळीत यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो की कापसाच्या गंजीजवळ बसलेले थोरले काका दरवर्षी एकच प्रश्न विचारतात: "जे डोयानं दिसत नाही, थे घरी हाय का बाहेर, हे तुले कसं समजते बापू?" सेरियम आणि युरेनियम यांच्या संयुगांतील एफ-इलेक्ट्रॉनांवर (अणूच्या 'एफ' नावाच्या कक्षेतील इलेक्ट्रॉनांवर) माझे काम चालते, एवढे त्यांना ठाऊक आहे. गावातील शिक्षकही हेच विचारतात, म्हणून उत्तर एकदा नीट लिहितो.

सेरियम गावाला परके नाही. वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये थोरियम ऑक्साइडबरोबर सुमारे १ टक्का सेरियम ऑक्साइड असे, आणि तिचा झगझगीत पांढरा उजेड त्या एका टक्क्यामुळे पडे. सेरियम धातूच्या अणूत ४एफ कक्षेत एक इलेक्ट्रॉन असतो. तो इतका आत दडलेला असतो की शेजारच्या अणूंशी त्याचा फारसा संबंध येऊ नये. तरी काही संयुगांत तो बाहेरच्या वाहक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या मोकळ्या, इलेक्ट्रॉनांत मिसळतो. तेव्हा काकांचा प्रश्न हाच आमच्या विषयाचाही मूळ प्रश्न आहे.

विहिरीचे पाणी किती खोल आहे हे काठावरूनच कळते: दोराची लांबी ठाऊक असते, बादली पाण्याला टेकल्यावर हातात उरलेला दोर मोजायचा आणि वजाबाकी करायची. आम्हीही तेच करतो. प्रकाशकणाची ऊर्जा ठाऊक असते, त्याने बाहेर उडवलेल्या इलेक्ट्रॉनाजवळ किती ऊर्जा उरली ते मोजतो, काठ (म्हणजे धातूतील भरलेल्या पातळ्यांची वरची कड) ओलांडून बाहेर पडण्याचा ठरलेला खर्च वजा करतो, आणि तो किती खोल बसला होता ते मिळते. या हिशेबाचे मूळ आइनस्टाइन यांच्या १९०५ मधील लेखात आहे. त्यावर नेमकी मापनपद्धती उभारल्याबद्दल स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ काई सिग्बान यांना १९८१ चे नोबेल मिळाले. बाहेर येणारे इलेक्ट्रॉन अणूंच्या वरच्या मोजक्या थरांतूनच येतात, म्हणून नमुना निर्वात पेटीतच फोडावा लागतो, आणि तिथेही ताजा पृष्ठभाग काही तासांत खराब होतो.

पण खरी गंमत वजाबाकीत नाही. इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर जे मागे उरते, त्याचीच हकीकत आलेखात (कोणत्या खोलीवरून किती इलेक्ट्रॉन आले, हे दाखवणाऱ्या रेषेत) उमटते. भर हंगामात सालदार निघून गेला, तर एक तर त्याची जागा रिकामी राहते आणि धन्याला ते महागात पडते, नाही तर गावातला दुसरा कोणी लगेच येऊन ती भरतो आणि नुकसान जवळपास होतच नाही. सेरियमच्या आलेखात या दोन्ही गोष्टी दोन शिखरे होऊन दिसतात: काठापासून सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक) खोल असलेले शिखर रिकाम्या जागेचे, आणि अगदी काठावरचे शिखर वाहक इलेक्ट्रॉनाने भरलेल्या जागेचे. दाबाखाली सेरियमचे आकारमान एकाएकी सुमारे १५ टक्क्यांनी घटते, आणि त्या आकसलेल्या अवस्थेत काठावरचे शिखर अधिक ठळक असते. म्हणून 'घरी की बाहेर' याचे एकच उत्तर मी देत नाही.

युरेनियमचे ५एफ इलेक्ट्रॉन मुळातच जास्त पसरलेले असल्याने तिथे फरक शेजाऱ्यावर ठरतो. पॅलेडियमबरोबरच्या यूपीडी३ (UPd₃) या संयुगात ते घरीच राहतात आणि त्यांचे शिखर काठाच्या खाली दिसते. पॅलेडियमच्याच गटातील प्लॅटिनमबरोबरच्या यूपीटी३ (UPt₃) मध्ये ते काठापर्यंत येतात, शेकडो पटींनी जड झाल्यासारखे वागतात आणि निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे अर्ध्या केल्विनला अतिवाहक होतात, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहून नेतात.

यंदा आलेख छापूनच नेला होता. काकांनी काठावरच्या टोकदार शिखरावर बोट ठेवले आणि विचारले, "हा बदलीवाला सालदार का?" मी होय म्हटले. मग त्यांनी विचारले, "थंडीत हा वाढते काहून?" कारण उष्णतेच्या धक्काबुक्कीने एफ-इलेक्ट्रॉनाचे चुंबकत्व आणि वाहक इलेक्ट्रॉन यांची बांधणी सुटते, आणि थंडी वाढली की ती घट्ट होते. या बांधणीच्या गणिताची सुरुवात जपानमध्ये जुन कोन्दो यांनी १९६४ मध्ये केली.