रंधा

स्वयंपाकघरात कपाटाचं काम काढलंय. दुपारी रंध्याचा आवाज, घरभर सागाचा वास, पायात येणाऱ्या कुरळ्या ढलप्या. हातातलं सोडून मी स्टुलावर बघत बसलो आणि आठवला कोण, तर चीनचा सम्राट! आमच्या डोक्याचं हे असं आहे.

मिंग घराण्यातला तियानछी. 1620मध्ये आजोबा गेले, गादीवर बसलेले वडील महिन्याभरात गेले, आणि 14 वर्षांचं पोर सम्राट झालं. त्याला वेड सुतारकामाचं. करवत, पटाशी, रोगण. करायचं, मोडायचं, पुन्हा करायचं. सांगतात की वेइ चोंगश्येन नावाचा खोजा नेमका त्याचा हात रंगात आला की सरकारी कागद पुढे करायचा. मान वर न करता सम्राट म्हणायचा, कळलं, तुम्हीच बघा काय ते.

हा खोजा मला पहिल्यापासून ओळखीचा वाटतो. सहावीत गणितात 31 मार्क पडले होते. रविवारी बाबा रेडिओ उघडून बसायचे, तोंडात स्क्रू, हातात तापलेलं सोल्डर. राळेचा धूर दाटला, तेव्हा मी प्रगतिपुस्तक सरकवलं. “कुठं करू?” एवढंच विचारलं त्यांनी. सहीशेजारी राळेचा पिवळा डाग पडला, तो वर्षभर तसाच राहिला.

वेइचा मामला मोठा. 1624मध्ये यांग ल्येन या अधिकाऱ्यानं त्याचे 24 गुन्हे लिहून सम्राटाकडे धाडले. पुढच्या वर्षी यांगला तुरुंगात हालहाल करून मारलं. इकडे वेइ जिवंत असतानाच त्याची देवळं उभी राहत होती. तियानछी 1627मध्ये गेला, अवघ्या 21व्या वर्षी. मुलं झाली, पण एकही मुलगा जगला नाही.

मग धाकटा भाऊ छोंगचेन आला. त्यानं वेइला हाकललं, वेइनं वाटेतच गळफास घेतला. हा भाऊ म्हणजे दुसरं टोक. सगळं स्वतः बघणार, विश्वास कुणावर नाही, मंत्री सारखे बदलणार. 1644मध्ये बंडखोर बीजिंगमध्ये शिरले, तेव्हा राजवाड्यामागच्या टेकडीवर त्यानंही गळफास घेतला.

आता बोला!

“काका, बिजागरी आतून लावू का बाहेरून?” मिस्त्रींनी विचारलं.

मी चष्मा लावून बघायला उठलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.