टूडलीच्या निळ्या काचा

आज आईला घेऊन इंग्लंडमध्ये केंटमधल्या टूडली गावी गेले होते. टनब्रिजपासून गाडीने जेमतेम दहा मिनिटं. बाहेरून चर्च अगदी साधं, विटांचं. आत शिरलो आणि दोघीही गप्प झालो.

१९६३ मध्ये सारा नावाची इथली २१ वर्षांची मुलगी समुद्रात होडी उलटून गेली. तिच्या आईवडिलांनी तिच्या आठवणीसाठी चित्रकार मार्क शगालकडून पूर्वेची रंगीत काचेची खिडकी करून घेतली. खाली गडद निळ्या लाटांत निजलेली मुलगी, वर क्रूसाकडे जाणारी शिडी. १९६७ मध्ये ती बसवली तेव्हा शगाल स्वतः आला, चर्च पाहून बाकीच्याही खिडक्या करायचं त्याने ठरवलं. एकूण १२! शेवटच्या १९८५ मध्ये लागल्या, त्याच वर्षी तो गेला. ज्यू चित्रकार, साराचे वडील ज्यू, आई ख्रिस्ती, आणि एवढंसं गावातलं चर्च. मला हे फार मोठं वाटतं.

आईने सवयीने दारातच चपला काढल्या होत्या. ऊन आलं तसा निळा उजेड तिच्या पांढऱ्या केसांवर उतरला. "पोरीच्या आईने रोज इथे येऊन बसावं असं केलंय गं," एवढंच म्हणाली.

निघायला साडेचार वाजले.