सुधारित मापांचा कागद

सोलापूरचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला चादर आणि टॉवेल आठवतात, परंतु शालेय गणवेशाचा धंदाही या शहरात चांगलाच रुजला आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील अशाच एका कारखान्यात मी उत्पादन नियोजनाचे आणि कागदपत्रांचे काम पाहते. आमचे सगळे वर्ष जून महिन्याकडे डोळे लावून असते. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे मे महिन्यात कटिंगच्या टेबलावर जे कापड चढते त्याच्याबाबतीत चूक झाली, तर पुन्हा कापड मागवून, कापून, शिवून देण्याइतके दिवस हातात उरत नाहीत.

ऑर्डरींविषयीचे आमचे बोलणे, कागद आणि फोटो काही वर्षांपासून मायक्रोसॉफ्ट टीम्स या कार्यालयीन संवादाच्या अ‍ॅपवर चालतात. मार्केटिंग, सॅम्पलिंग, खरेदी, कटिंग आणि शिलाई अशा प्रत्येक खात्याचे तेथे वेगळे चॅनेल आहे. कोणताही कागद हवा असला की वरच्या चौकटीत नाव टाकायचे आणि शोधायचे, ही सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. गेल्या मे महिन्यातील एका दिवशी या सवयीची पुरती परीक्षा झाली.

सकाळी एका ग्रामीण शाळेच्या फुलपँटचे कापड टेबलावर थरावर थर टाकून झाले होते, वर मार्कर, म्हणजे कापायच्या भागांचा आराखडा काढलेला कागद, अंथरला होता आणि कटर चालवायचा तेवढा बाकी होता. आमच्या कटिंग मास्तरांचे अर्धे आयुष्य कापडात गेले आहे. त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, कापड जास्त आलंय की ओ. ह्या चार्टानं कापलं तर तागे उरतायत. खरेदीवाले असं कधी करत नाहीत."

एका नगाला किती कापड लागते त्याला आमच्याकडे अ‍ॅव्हरेज म्हणतात, आणि मास्तरांच्या हातातील साइज चार्टप्रमाणे निघणारे अ‍ॅव्हरेज व खरेदी झालेले कापड यांचा मेळ बसत नव्हता. खरेदी विभागात विचारले, तेव्हा मार्केटिंगकडून तोंडी जेवढे मीटर सांगण्यात आले तेवढे मागवले, असे उत्तर मिळाले. मास्तरांनी टेप काढला, चार्टवरील फुलपँटची तयार लांबी आणि कापायची लांबी यांतील फरक बोटाने दाखवला आणि म्हणाले, "खालच्या दुमडीची माया दीड इंच धरलीय. शाळेनं ती वाढवून मागितली असणार." दुमडीत राखलेले जादा कापड म्हणजे माया, आणि त्यांचा तर्क पटण्यासारखा होता. मूल उंच झाले की दुमड उसवून पँट लांब करता यावी आणि एकच गणवेश दोन वर्षे चालावा, म्हणून ग्रामीण शाळा अशी मागणी करतात. मात्र सरसकट सगळ्या फुलपँटना तीन इंच माया धरून त्यांनी हिशेब केला, तेव्हा तेच कापड कमी पडू लागले. म्हणजे माया वाढवली होती, पण ती काही मापांपुरतीच. कोणत्या मापांना आणि किती, हे सांगणारा कागद आमच्यासमोर नव्हता. ज्या पँटवर ते दिसले असते, तो मंजुरीचा नमुना कुरिअरने शाळेकडे गेला होता आणि परत आला नव्हता. कापड एकदा कापले की माया परत देता येत नाही, म्हणून मी कटर थांबवला. मास्तरांनी ते थर तसेच झाकून ठेवले आणि दुसऱ्या टेबलावर शर्टाचे कापड घेतले, त्यामुळे कामगारांचा दिवस तरी वाया गेला नाही.

आता शोध सुरू झाला. शाळेचे नाव टाकल्यावर दोन फाइली पुढे आल्या, एकीचे नाव "साइज चार्ट फायनल" आणि दुसरीचे "साइज चार्ट फायनल नवीन". मास्तरांना मिळालेला चार्ट पहिल्या फाइलमधला होता, कारण तिच्यावर बदलाची तारीख सर्वांत अलीकडची होती आणि अलीकडची म्हणजे बरोबर असे कोणीही गृहीत धरतो. मी त्या फाइलच्या आवृत्त्यांचा इतिहास उघडला. शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे टीम्समागच्या फाइलींच्या सामायिक कोठारात, ठेवलेल्या फाइलची प्रत्येक जुनी आवृत्ती, ती कोणी आणि केव्हा जतन केली या नोंदीसह, मागे जाऊन उघडता येते, आणि ही सोय कार्यालयांत फार कमी वापरली जाते असे माझे निरीक्षण आहे. आधीची आवृत्ती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, तर आकडा एकही बदललेला नव्हता. कोणीतरी चार्ट एका पानावर छापला जावा म्हणून पानाची मांडणी तेवढी बदलली होती, आणि क्लाउडवरील एक्सेल फाइल असा बदलही आपोआप जतन करत असल्याने तिच्यावर ताजी तारीख चढली होती. "फायनल नवीन" या फाइलमध्ये गेल्या वर्षी एक माप वाढवले होते, मायेचा आकडा तिच्यातही दीड इंचच होता. तेव्हा हवा असलेला कागद या दोहोंपेक्षा वेगळा, तिसराच असला पाहिजे, एवढे ठरले.

शाळेला उन्हाळी सुटी लागलेली होती. मुख्याध्यापक फोनवर भेटले, परंतु गावाबाहेर होते. आम्ही लेखी कळवले आहे, एवढेच त्यांनी खात्रीने सांगितले. ही ऑर्डर आणणारा मार्केटिंगमधील सहकारी मार्चच्या सुरुवातीला नोकरी सोडून गेला होता. त्याला फोन केला, तेव्हा तो आपुलकीने बोलला. "मॅडम, माया वाढवायची होती हे नक्की, पण सगळ्यांना का पाचवीपासून पुढं, ते आता आठवंना. शाळेचा कागद मी सॅम्पलच्या ताईंना चॅटवर पाठवला होता बघा." त्याच्या आठवणीवर विसंबून ब्लेड चालवणे मला मान्य नव्हते, परंतु कागद कोठे शोधायचा याची दिशा त्याच्या बोलण्यातून मिळाली.

सॅम्पलिंगच्या ताईंनी आपल्या चॅटमध्ये शाळेचे नाव टाकले. काही आले नाही. गावाचे नाव टाकले, साइज चार्ट हे शब्द टाकले, माया हा शब्दही टाकला, आणि तो त्यांच्या चॅटमध्ये इतक्या ऑर्डरींच्या निमित्ताने आलेला होता की निकालांची रांग संपेना. तेव्हा मी फाटकावरचे आवक-जावक रजिस्टर मागवले आणि नमुना कुरिअरला दिल्याची तारीख पाहिली. नमुना शिवण्याआधी माप ठरले असणार, म्हणून पाठवणाऱ्याचे नाव आणि त्या तारखेआधीचे काही दिवस एवढीच गाळणी लावून शोध घेतला. शब्द एकही टाकला नाही. थोडेच संदेश पुढे आले आणि त्यांत हा होता: "ताई, निळी चेक्सचं हे घ्या, ह्याप्रमाणे करा." खाली "स्कॅन ००१२" नावाची फाइल जोडलेली होती. दोघांनाही कोणती शाळा ते ठाऊक असल्यामुळे त्या सबंध संभाषणात शाळेचे नाव एकदाही आले नव्हते. शर्टाच्या निळ्या चौकडीवरून तिला दोघे "निळी चेक्स" म्हणत होते.

ताईंनी फाइलवर क्लिक केले आणि ती उघडली नाही. नमुना शिवताना ती उघडत होती, आता उघडत नव्हती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टीम्सच्या चॅनेलमध्ये टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंट साइटवर, चॅनेलच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि ती संस्थेची मालमत्ता म्हणून तेथे राहते. दोघांच्या चॅटमध्ये पाठवलेली फाइल मात्र पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे क्लाउडवरील वैयक्तिक फाइलसाठ्यात, राहते आणि समोरच्याला ती उघडण्याची फक्त परवानगी मिळते. माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचे खाते काढून टाकले, तरी संदेश समोरच्याच्या चॅटमध्ये दिसत राहतो, पण फाइलचे घर त्या माणसाच्या खात्याशी बांधलेले असते. मुद्दाम वेगळी मुदत ठरवलेली नसेल, तर खाते काढल्यावर वनड्राइव्ह ३० दिवस राहतो आणि त्या काळात वाटलेल्या फाइली उघडतातही. पुढे तो काढून टाकलेल्या साइटींच्या जागी ९३ दिवस पडून राहतो, आणि तेथून कोणालाच काही उघडता येत नाही. आमचे ३० दिवस एप्रिलमध्ये संपून गेले होते. ९३ दिवस मात्र अद्याप चालू होते, आणि कागद परत मिळण्याची आशा त्यावरच होती.

आमच्या परवान्यांचे काम पाहणारे तंत्रज्ञ पुण्यात असतात. त्यांना फोनवर सगळे सांगितले. काढून टाकलेला वनड्राइव्ह या टप्प्यावर नेहमीच्या पडद्यावरून परत आणता येत नाही, त्यासाठी प्रशासकाला पॉवरशेल या साधनात आज्ञा टाइप करून द्यावी लागते, हे त्यांना माहीत होते आणि त्यांनी टाळाटाळ केली नाही. तासाभरात त्यांनी तो परत आणला आणि कारखान्याच्या मालकांच्या संमतीने मला तो पाहण्याची परवानगी दिली. मी टीम्सच्या चॅट फाइलींचे फोल्डर तेवढे उघडले. बाकीच्या फोल्डरांशी आमचे काम नव्हते.

"स्कॅन ००१२" म्हणजे शाळेच्या लेटरहेडवरील हाताने लिहिलेल्या पत्राची प्रतिमा होती. खाली मुख्याध्यापकांची सही व गोल शिक्का, आणि मध्ये पट्टीने आखलेला तक्ता. पहिली ते चौथी हाफपँट, माया नेहमीप्रमाणे. पाचवी ते सातवी फुलपँट, माया तीन इंच. आठवी ते दहावी फुलपँट, माया दीड इंच, आणि त्यापुढे कंसात "या मुलांना पुढील वर्षी नवीन गणवेश" असे शाईने लिहिलेले. मास्तरांनी त्या आकड्यांवरून पुन्हा अ‍ॅव्हरेज काढले आणि ते खरेदीच्या मीटरांशी अगदी जवळ आले. त्यांनी जुना मार्कर गोळा करून बाजूला टाकला, थर पाचवी ते सातवीसाठी पुन्हा मांडून घेतले, आणि संध्याकाळच्या आत कटर चालू झाला.

त्या दिवसापासून माझे ठाम मत झाले आहे की शोधाच्या चौकटीने "काही सापडले नाही" असे सांगितले, तर तेवढ्यावरून ती वस्तू अस्तित्वात नाही असे कधीही समजू नये. शोध हा शोधणाऱ्याच्या परवानगीपुरताच असतो. जे उघडण्याचा मला अधिकार नाही, ते मला निकालातही दिसत नाही, आणि तसे असणे योग्यच आहे. तो शब्दांवर चालतो, आणि रोज सोबत काम करणारी माणसे ज्या गोष्टीविषयी सर्वाधिक बोलतात तिचे पूर्ण नाव सर्वांत कमी वेळा लिहितात. स्कॅन केलेल्या पत्रातील हस्ताक्षर तर त्याच्या दृष्टीने नुसते चित्र असते. मराठीत काम करणाऱ्यांची यात आणखी अडचण आहे. आमच्या जुन्या संगणकांवरील कितीतरी पत्रे युनिकोड ही अक्षरांची आजची सर्वमान्य पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटांमध्ये टाइप केलेली आहेत. पडद्यावर ती शुद्ध मराठी दिसतात, परंतु फाइलच्या पोटात रोमन अक्षरांची सरमिसळ असते आणि युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्यांना लागू पडत नाही. ४१७ आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेली तीच संख्या ही संगणकाच्या लेखी निरनिराळी चिन्हे आहेत, हेही आम्हाला अनुभवाने कळले.

मालकांनी दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या खात्यांना एकत्र बसवले. कागदपत्रांची मांडणी खात्यांप्रमाणे न ठेवता ऑर्डरीप्रमाणे करावी, हा माझा आग्रह त्यांनी मान्य केला, कारण मास्तर, ताई आणि खरेदी विभाग या तिघांनाही शेवटी शोधायची असते ती ऑर्डरच. आता प्रत्येक ऑर्डरीचे एक फोल्डर असते, त्यात फाइलीपुढे शाळा, शैक्षणिक वर्ष आणि मंजुरीची स्थिती असे रकाने भरावे लागतात, आणि "फायनल" हा शब्द फाइलच्या नावात घालायला मनाई आहे; काय मंजूर आहे ते रकाना सांगतो, आणि तो बदलण्याचा अधिकार प्रत्येक ऑर्डरीसाठी एकाच व्यक्तीकडे असतो. शाळेचा हस्तलिखित कागद आला, तर त्यातील आकडे त्याच दिवशी टाइप करून स्कॅनच्या शेजारी ठेवायचे. चॅटवर बोलायला कोणाची ना नाही, माणसे बोलणारच, परंतु माप, रंग, नग किंवा तारीख यांतले काही चॅटवर ठरले, तर ते ऑर्डर क्रमांकासह चॅनेलमध्ये एका वाक्यात लिहायचे, आणि क्रमांक इंग्रजी आकड्यांतच लिहायचा.

सगळ्यांना हे सारखेच जमले असे नाही. रकाने भरण्याचा कंटाळा सर्वांत जास्त मार्केटिंगच्या मुलांना येतो, कारण ते दिवसभर रस्त्यावर असतात आणि फोनवरून फोटो चॅटमध्ये टाकणे त्यांना सोपे पडते. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही असे मला वाटते. म्हणून सॅम्पलिंगच्या ताई रोज संध्याकाळी असे फोटो उचलून योग्य फोल्डरमध्ये ठेवतात, आणि हे त्यांच्या कामाचा भाग म्हणून रीतसर नोंदवले आहे, कारण कोणाच्याच नावावर नसलेले काम महिन्याभरात बंद पडते. नोकरी सोडणाऱ्याचे खाते बंद होण्यापूर्वी त्याच्यासोबत बसून कामाच्या फाइली ऑर्डरींच्या फोल्डरमध्ये हलवल्या जातात, आणि पुण्याच्या तंत्रज्ञांनी काढून टाकलेल्या खात्यांच्या वनड्राइव्हची मुदत ३० दिवसांवरून एक वर्ष केली आहे, म्हणजे आमच्या धंद्याचा एक पूर्ण हंगाम त्यात मावतो. मागील वर्षांचे कागद लावण्याचे काम अजून चालू आहे. ज्या शाळांच्या ऑर्डरी दरवर्षी येतात त्यांच्यापासून सुरुवात केली असून, जुन्या फाँटांतील पत्रे युनिकोडमध्ये आणण्याचे काम दिवाळीनंतर, मशिनी जरा शांत असताना, हाती घ्यायचे ठरले आहे.