आमची वाटचाल : 'गाडी ओढत नाय'

आमच्याकडे येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "मिस्त्री, गाडी ओढत नाय. गिअरबॉक्स गेला वाटतं." यातला पहिला भाग खरा असतो. दुसऱ्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे शिकायला आम्हाला एक अख्खा गिअरबॉक्स पदरमोड करून भरावा लागला. बोर्डावर 'स्थापना २००४' रंगवलंय, पण माझ्या लेखी गॅरेज सुरू झालं ते त्या गिअरबॉक्सपासून.

२००४ चं आधी उरकतो. रत्नागिरीच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केला आणि कुर्ल्याच्या एका गॅरेजात सहा वर्षं घासली. आईच्या आजारपणात परत आलो तो परत गेलोच नाही. हातखंब्याच्या रस्त्याला चुलत्यांची सड्यावरची जागा होती, तिथे चार पत्रे ठोकले. पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, खणायला दोन गडी लावले आणि जांभ्याने त्यांचा बारा दिवस जीव काढला. फायदा इतकाच की पिटाला भिंत बांधावी लागली नाही, कातळ हीच भिंत. आजही तोच पिट आहे, पावसाळ्यात त्यात पाझर फुटतो आणि धाकट्या भावाची सकाळ पाणी उपसण्यात जाते. सुरुवातीला रिक्षा, टेम्पो आणि आंब्याच्या मोसमात पेट्या वाहणारे पिकअप, एवढंच काम होतं.

ऑटोमॅटिक गाड्या आमच्याकडे कशा आल्या, ती मजाच आहे. मुंबईतला मुलगा नवी गाडी घेतो, जुनी ऑटोमॅटिक विकायला गेला तर भाव येत नाही, मग तो ती गावी आई-वडिलांना देतो. वडिलांचे गुडघे दुखत असतात, क्लच दाबायची कटकट नको असते, सगळ्यांना बरं वाटतं. थोडक्यात, माणसासारखी गाडीही निवृत्त होऊन गावी येते. इथे आल्यावर ती महिन्यातून दोनदा बाजारात जाते, चार महिने पावसात मांडवाखाली उभी राहते, बॉनेटखाली उंदीर बाळंत होतात आणि गणपतीत चाकरमानी मुलगा ती एकदम आंबा घाटात चढवतो. मग आम्हाला फोन.

२००९ साली पावसचे एक निवृत्त पोस्टमास्तर त्यांची सेदान घेऊन आले. चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी), दहा वर्षं जुनी. थंड असताना ठीक चालायची, पंधरा-वीस मिनिटांनी गोळपचा चढ आला की दम सोडायची. मी चालवून बघितली. पाय दाबला की एक क्षण काहीच नाही, मग गिअर खाली पडायचा, परत वर चढायचा, परत खाली. चढावर गाडीला कळतच नव्हतं कुठल्या गिअरमध्ये राहायचं ते. डिपस्टिक ओढली तर गिअरबॉक्सचं ऑइल, एटीएफ, लालचं तपकिरीकडे झुकलेलं. मी निकाल देऊन टाकला, गिअरबॉक्स गेला. काका तेव्हा म्हणालेही, "अरे, पण आरपीएमचा काटा तीन हजारावर जातच नाही." मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही.

गिअरबॉक्स उतरवला, लाकडी खोक्यात भरून रात्रीच्या ट्रकने मुंबईला पाठवला. क्लच प्लेटा, सील, कन्व्हर्टरची साफसफाई, सगळं करून तेवीस दिवसांनी परत आला. बिल बावन्न हजार. बसवला, ऑइल भरलं, गोळपच्या चढाला नेली. पंधरा मिनिटांनी जशीच्या तशी. तो चढ उतरताना मी आणि भाऊ एक शब्द बोललो नाही.

परत आल्यावर भाऊ गाडीच्या मागे जाऊन बसला, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर हात धरला. "दादा, रेस कर." केली. "अजून कर. हवा कुठे येतेय?" मग आम्ही कॅटच्या, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या, आधीचा ऑक्सिजन सेन्सर खोलला आणि ते भोक तसंच उघडं ठेवून गाडी बाहेर काढली. ट्रॅक्टरसारखा आवाज करत, सगळी आळी जागी करत ती गाडी चढावर सुसाट गेली. कॅटलिटिक कन्व्हर्टर कापून बघितला. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळून गुळाच्या ढेपेसारखा एकच गोळा झालेला. एका प्लगची वायर कित्येक महिने स्पार्क बाहेर सोडत होती, त्या सिलिंडरचं न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळत होतं. इंजिनाचं नाक मोकळं आणि तोंड दाबलेलं.

काकांकडून गिअरबॉक्सचे पैसे घेतले नाहीत. कॅट आणि प्लग वायरींचे तेवढे घेतले. बायकोने पतपेढीतली ठेव मोडली आणि त्यावर आजतागायत एकदाच बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने एक वही घातली: गाडीवाला काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत, आणि शेवटी काय निघालं. ती वही हे आमचं सगळ्यात महागाचं हत्यार आहे.

काका जे म्हणाले होते त्यातच उत्तर होतं, हे आता नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. गिअरबॉक्स घसरत असेल तर काटा वर पळतो आणि गाडी मागे राहते. इंजिनात दम नसेल तर काटाच वर जात नाही. मग गिअर खाली-वर का होत होता? कारण या जुन्या ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर मुख्यतः दोन गोष्टींवरून गिअर ठरवतो, गाडीचा वेग आणि पाय किती दाबलाय. दम नाही म्हणून माणूस पाय अजून दाबतो, कॉम्प्युटरला वाटतं मालकाला घाई आहे, तो खालचा गिअर देतो. बिचारा गिअरबॉक्स सांगितलेलं काम करत असतो.

त्या वर्षीच व्हॅक्यूम गेज घेतलं. काही शे रुपयांचं, घड्याळासारखं साधं. इनटेक मॅनिफोल्डला नळी जोडायची. आम्ही समुद्रसपाटीच्या जवळ, त्यामुळे धडधाकट इंजिन आयडलला, म्हणजे पाय न दाबता नुसतं चालू असताना, अठरा ते वीस इंचांवर सुई स्थिर ठेवतं. मग रेस अडीच हजारावर धरून ठेवायची आणि सुईकडे बघत राहायचं. सायलेन्सर चोक असेल तर सुई हळूहळू खाली सरकत जाते, ओहोटीच्या पाण्यासारखी. आयडललाच सुई कमी असेल तर कुठेतरी हवा खेचतेय किंवा टायमिंग बिघडलंय. ठरावीक तालात सुई झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर आम्ही २०१३ ला कर्ज काढून घेतला, तो लागतोच, पण आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःच दोष ओळखून कोड नोंदवायच्या यंत्रणेची) सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत आमचा स्कॅनर मुका होतो. काहींमध्ये सर्व्हिस कपलरच्या दोन पिना वायरीने जोडून चेक इंजिनचा दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजावं लागतं. आणि चोक झालेल्या सायलेन्सरचा थेट कोड असा नसतोच.

दुसरी एक केस मला फार आवडते. मिरकरवाड्याचे एक मासळीचे व्यापारी, त्यांची ऑटोमॅटिक हॅचबॅक. गावात ठीक, पण आरे-वारेच्या चढावर पाय दाबला की गचके, जणू कोणीतरी मागून धरतंय. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, प्लग, कॉइल, फिल्टर, सगळं नवं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा. आयडलला जवळजवळ शून्य, चढावर लोड आला की पंचवीसपर्यंत. हवा गळत असती तर उलट दिसलं असतं, आयडलला जास्त आणि रेसला कमी. म्हणजे पेट्रोल पुरत नव्हतं. पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावून ते बॉनेटबाहेर काढलं, वायपरखाली टेप मारून अडकवलं आणि चढावर नेली. तीन बारच्या आसपास राहायचं ते दोनाच्या खाली.

कोणीही पंप बदलला असता. मीही बदलणार होतो. भावाने मागची सीट उचलून पंपाच्या कपलरवर मीटर लावला. बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट, पंपावर साडेनऊ. चार व्होल्ट वाटेत कुठे गेले? डिकीतलं कार्पेट वर केलं आणि वास आला. बर्फाच्या पेट्यांतून ठिबकलेलं मिठाचं पाणी वर्षानुवर्षं तिथे मुरलेलं, आणि नेमका तिथेच पंपाच्या अर्थिंगचा बोल्ट. त्याला गंजाचं कवच आणि वायरीच्या टोकाला हिरवी बुरशी. पॉलिश पेपरने घासला, वायरीच्या टोकाला नवा लग दाबला, ग्रीस लावलं. एकशे वीस रुपयांचं सामान. त्यांचा विश्वास बसेना, स्वतः आरे-वारेला जाऊन आले आणि येताना सुरमई घेऊन आले. पार्टपेक्षा वायर आधी मोजायची, हा आमचा किनाऱ्यावरचा नियम झाला. खाऱ्या हवेत तांब्याचं काय होतं ते कुठल्याही मॅन्युअलात पुरेसं लिहिलेलं नसतं.

पाय किती दाबलाय ते कॉम्प्युटरला सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सरही असाच लबाड. पाय न दाबता अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबला की साडेचारच्या आसपास, मधे सरळ चढत जायला हवं. जुना सेन्सर झिजतो तो आपला पाय रोज जिथे असतो त्याच जागी, जशी घराच्या पायरीची मधलीच कड झिजते. डिजिटल मीटर ती खोट पकडेलच असं नाही, आकडा बदलेपर्यंत क्षण निघून जातो. म्हणून माझ्याकडे कुर्ल्याहून आणलेला काट्याचा जुना मीटर अजून आहे. हळूहळू पेडल दाबताना काटा एका जागी गचकला की झालं. इंजिन अडखळतं आणि गिअरही चुकतो, दोन्ही एकाच सेन्सरमुळे.

गिअरबॉक्स किंवा कन्व्हर्टर कधीच दोषी नसतो असं नाही. त्यासाठी स्टॉल टेस्ट करतो: गाडी गरम, चाकांना दगड, हँडब्रेक, फूटब्रेक, समोर कोणी उभं नाही, डी मध्ये टाकून पूर्ण पाय. पाच सेकंदांच्या आत सोडायचा, नाहीतर आतलं ऑइल उकळून निघतं. काटा ठरल्यापेक्षा वर गेला तर आतल्या प्लेटा घसरतायत. खूप खाली अडकला तर इंजिन अशक्त. आणि व्हॅक्यूम चांगला, पेट्रोल चांगलं, तरी काटा खाली आणि गाडी उभ्याने उठताना मेलेली पण एकदा पन्नासच्या पुढे गेली की छान, तर कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा (ऑइलची दिशा वळवणाऱ्या मधल्या चाकाचा) एकेरी क्लच दोन्हीकडे फिरतोय. अशा गाड्या वीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, ही टेस्ट आम्ही सरसकट करत नाही. काही जुन्या सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, स्टार्ट क्लच असतो, त्याला असं छळू नये. एएमटी हे तर वेगळंच प्रकरण, तो साधा क्लच आणि साधा गिअरबॉक्स, फक्त पाय आणि हात यंत्राचे. पण आमच्या लोकांना सगळंच 'ऑटोमॅटिक'.

धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड काय गेलं, तर निदानाचे पैसे मागणं. "नुसतं बघायचे पैसे?" हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकला. आता आठशे घेतो आणि त्यात अर्धा तास गाडीवाला स्वतः गाडी चालवतो, मी शेजारी बसतो, तोंड बंद ठेवून. काही निघालं नाही तर पैसे परत. गिऱ्हाईक त्यामुळे थोडं तुटलंही, ज्यांना 'जुना पार्ट काढा, नवा टाका' असंच काम हवं असतं ते हायवेला जातात.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा चार महिने दुसरं काही कामच नव्हतं. पुराच्या गाड्यांबद्दल एवढंच सांगतो: जुनी ऑटोमॅटिक स्वस्तात मिळत असेल तर सीटखालच्या कपलरमध्ये बोट घाला. बारीक माती लागली तर घरी या, चहा प्या, गाडी घेऊ नका.

हल्ली नवीन भर पडलीय ती इथेनॉलची. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. चार महिने अर्ध्या टाकीने मांडवाखाली उभ्या गाडीत, आणि ते आमच्या पावसात, पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली बसतं आणि पंप तेच आधी उचलतो. टाकीतल्या जाळीला चिकट थर धरलेल्या गाड्या आम्ही खोलल्यात. पावसाळ्यापूर्वी टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते. आणि दर पंधरवड्याला गाडी वीस मिनिटं रस्त्यावर फिरवा, दारात नुसती चालू करून ठेवणं उपयोगाचं नाही.

आज तिघं कामाला आहेत, भाऊ आणि मी धरून पाच. दुसरा पिट खणायचा विचार आहे, पण कातळ आठवला की विचार पुढे ढकलतो. पोस्टमास्तर काका आता गाडी चालवत नाहीत, नातू चालवतो. काल तो तीच सेदान घेऊन आला, गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी चालू होते. वहीत त्याचं वाक्य तसंच लिहून घेतलं. बंद पडल्यावर लगेच तपासलं तर इंजिनाचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नलच गायब. नवा उद्या सकाळी एसटीच्या पार्सलने येतोय.