ऐकलं आणि ऐकून घेतलं

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करत होते. बावीस पानं सुरळीत झाली आणि तेविसाव्या पानावर गाडी अडली. प्रसंग साधाच. म्हातारा नवरा घरभर चष्मा शोधतोय, चष्मा त्याच्याच कपाळावर आहे, आणि बायको मान वरही न करता म्हणते, 'हाऊ हॅव आय पुट अप विथ यू ऑल दीज इयर्स?' एवढंच वाक्य. त्याच्यापाशी मी दीड दिवस बसून होते.

हात आधी अर्थातच 'सहन करणे'कडे गेला. 'इतकी वर्षं मी तुम्हाला कसं सहन केलं?' लिहून वाचून पाहिलं, तर बाई आता उठून वकिलाकडेच निघणार असं वाटलं. 'सोसलं' लिहिलं तर लगेच डोळ्याला पदर लागला. 'चालवून घेतलं' म्हटलं की नवऱ्याचा टवका गेलेला कप होतो: गळत नाही ना, मग असू दे. राहिलं 'खपवून घेतलं'. पण या क्रियापदाला होकार मानवतच नाही. 'हे खपवून घेतलं जाणार नाही' असं टेबलावर मूठ आपटून म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'मी पुष्कळ खपवून घेतो बरं का' असं कौतुकानं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

इंग्रजीत याचा सख्खा भाऊ सापडला, 'ब्रुक'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता वापरणं, उपभोगणं. चांगलं खातंपितं क्रियापद! पुढे ते सहन करण्यापर्यंत घसरलं आणि आता फक्त नकारात दिसतं: अमुक साहेब विलंब 'ब्रुक' करत नाहीत, विरोध 'ब्रुक' करत नाहीत. 'अबाइड'चंही जवळपास तसंच. कुणी सहन होत नसेल तरच ते आठवतं. नियम पाळण्याच्या कामावर मात्र ते अजून रुजू आहे.

मग समानार्थी शब्दांचा कोश काढला. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानं 1852 मध्ये, वयाच्या 73व्या वर्षी, असा कोश प्रसिद्ध केला आणि त्याला नाव दिलं 'थिसॉरस'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना. आपल्या 'कोश' शब्दाचाही एक अर्थ तोच. खजिना खरा, पण त्यातल्या नाण्यांवर किंमत छापलेली नसते. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती ओळखू येतात, आणि नवखा हमखास सोन्याची मोहर देऊन भाजी घेऊन येतो.

त्या यादीत 'बेअर' होता, म्हणजे वाहणं. 'सफर' होता. तो लॅटिनमधून आलेला, आणि त्याचाही मूळ अर्थ खालून वाहून धरणं. गंमत म्हणजे हे दोघेही आपल्या 'भार' शब्दाच्या कुळातले. 'एन्ड्युअर'च्या पोटात लॅटिनमधला 'कठीण' आहे. सोसता सोसता माणूस घट्ट होतो, असा काहीसा हिशेब असावा. पण मला सगळ्यात आवडला तो 'स्टमक'. पोट हेच क्रियापद! सोळाव्या शतकात 'स्टमक करणं' म्हणजे एखाद्या गोष्टीचा राग धरणं. पुढे अर्थ बरोबर उलटा झाला: ती गोष्ट पचवणं, सहन करणं. आता हे वाचून मराठी माणसाला आश्चर्य वाटायचं कारण नाही. आपलं पोटही असंच बारभाईचं आहे. दुसऱ्याची चूक आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, अपमान गिळतो, पराभव पचवतो, आणि एवढं सगळं आत असताना एखाद्याचं बरं झालेलं दिसलं की त्याच पोटात दुखतं.

हे सगळे शब्द निदान काहीतरी उचलतात, पचवतात. 'पुट अप विथ'मध्ये काय आहे? ठेव, वर, सोबत. तीन फुटकळ शब्द, आणि सहन करण्याचा त्यांतल्या एकाशीही संबंध नाही. इंग्रजीत चारेक शतकं मागं गेल्यावर धागा लागतो. नुसत्या 'पुट अप'चा एक अर्थ होता उचलून जागच्या जागी ठेवणं, आत घालणं. तलवार म्यानात घालायलाही हेच क्रियापद. 'ऑथेल्लो' नाटकातला रॉडरिगो चिडून म्हणतो, की आजवर मूर्खासारखं जे भोगलं ते आता मी मुकाट्यानं 'पुट अप' करणार नाही. झालेला अन्याय खिशात घालून गप्प बसणार नाही, असा त्याचा आवेश. वादातून माघार घेतली की आपणही तलवार म्यान करतोच. तिथं मला पहिल्यांदा त्या तीन शब्दांबद्दल जिव्हाळा वाटला.

अशा जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापलं गेलं ते 1925 मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. माणसं त्याआधी कैक शतकं ती बिननावाची वापरत होती. व्याकरणवाल्यांना मात्र त्यांची शेपटी खुपायची. इंग्रज कवी ड्रायडननं 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्याशेवटी लटकणाऱ्या शब्दयोगींवर बोट ठेवलं, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते बोट खाली घेतलं नाही. त्यावरचा प्रसिद्ध विनोद नेमका माझ्याच क्रियापदाचा आहे: शेपूट उचलून पुढे आणायची तर वाक्य होतं, 'अप विथ विच आय विल नॉट पुट'. हा चर्चिलच्या नावावर खपतो. तो त्याचाच असल्याचा पक्का पुरावा नाही, पण चांगला विनोद बेवारस राहू नये म्हणून लोक एखादा वजनदार बाप शोधतातच.

इंग्रजीला हसता हसता माझं लक्ष आपल्याकडे गेलं. आपली शेपटी म्हणजे 'घेणे'. सांभाळून घ्या, जुळवून घ्या, समजून घ्या, चालवून घ्या. सगळीकडे 'घ्या', आणि प्रत्यक्षात देतच राहायचं! या 'घे'चा चमत्कार पाहायचा तर 'ऐकणे' घ्यावं. 'मी त्यांचं ऐकलं' म्हणजे ते म्हणाले तसं केलं. 'मी त्यांचं ऐकून घेतलं' म्हणजे ते बोलत होते, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, आणि नंतर मला जे करायचं तेच केलं. हा फरक परदेशी माणसाला समजावून सांगा पाहू! त्यानं 'अप' आणि 'विथ' आपल्याला समजावण्याइतकंच ते अवघड आहे.

वाक्य मात्र तिथंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोश मिटला आणि त्या बाईला मराठीत बोलू दिलं. कपाळावर चष्मा, शोधाशोध चालू, मान खाली. ती म्हणाली, 'मी म्हणून टिकले हो! दुसरी असती तर...' यात सहन करणं नाही, सोसणं नाही, वाहणं-पचवणं काहीच नाही. 'दुसरी'पुढचं वाक्य तर ती पुरंही करत नाही, कारण नवऱ्याला ते पाठ आहे. मी टाइप केलं आणि पुढच्या पानावर गेले.

महिन्याभरानं संपादकांचा फोन आला. मूळ वाक्य प्रश्नार्थक आहे, तुम्ही उद्गारवाचक केलंत. शिवाय मुख्य क्रियापदच गाळलंत, 'सहन करणे' का नको, ते कोशातही आहे. वीसेक मिनिटं ते बोलत होते.

मी सगळं ऐकून घेतलं.